अंध आणि कर्णबधिर मुलं शाळेकडे नेमकं काय मागतात?

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत, बहुतेक वेळा आतल्या पानावर, एखादी छोटी बातमी दिसते. अमुक केंद्रावर अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळाला नाही. तमुक शाळेत निम्मं वर्ष सरलं तरी ब्रेल पुस्तकं आली नाहीत. कर्णबधिर मुलींच्या वर्गाला खुणांची भाषा येणारा शिक्षकच नाही. बातम्या जुन्याच आहेत, निवेदन देणारे मात्र बदलू लागलेत. आधी पालक किंवा संस्थेची माणसं कलेक्टर ऑफिसात जायची. आता सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली स्वतः अर्ज लिहितात, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभी राहतात, आपलं म्हणणं खुणांनी मांडणारे व्हिडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

बातमी वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतोच. संजय गांधी निराधारचा पगार चालू आहे, एसटीत सवलत आहे, नोकरीत जागा राखीव आहेत, मग आणखी काय हवंय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर वर्गात जाऊन बसावं लागेल, कारण या मुलांचं भांडण सवलतींचं नाही. वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुलांना जो धडा मिळतो तोच आपल्यालाही मिळावा, आपल्याला घेता येईल अशा रूपात आणि त्याच वेळी मिळावा, एवढंच ती म्हणतात.

आपण कोणाबद्दल बोलतोय?

पाहण्यात, ऐकण्यात किंवा दोन्हींत कायमचा अडथळा असेल तर त्याला संवेदी दिव्यांगत्व म्हणतात. हा जड शब्द इथेच सोडून देऊ. पुढे अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर असे रोजचे शब्द पुरतील.

या मुलांचा मुख्य आधार म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल तर कायदा त्या व्यक्तीला अंध मानतो. म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसतं ते या डोळ्याला ३ मीटरवरूनही ओळखता येत नाही. ६/१८ पासून खाली ३/६० पर्यंतची दृष्टी म्हणजे अल्पदृष्टी. कानाचं माप डेसिबलमध्ये. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त हानी असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकायला कमी येणारे. शेजारी बसलेल्या माणसाचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, यावरून कल्पना यावी. दोन्ही अडचणी एकत्र असलेली बहिरांध मुलंही आहेत, आणि ती सहसा कोणाच्याच यादीत नीट बसत नाहीत.

यांत सगळ्यात जास्त बोलणी खातात ती अल्पदृष्टीची मुलं. काहींना समोरचं बारीक दिसतं, पण आजूबाजूचं काहीच दिसत नाही. काहींना दिवसा बरं दिसतं आणि ढग आले की वही दिसेनाशी होते. असं पोरगं मैदानावर पळताना दिसतं आणि वर्गात फळा वाचता येत नाही म्हणतं. मग “तेव्हा बरं दिसत होतं!” असं ऐकून घ्यावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे शिक्षकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

नाव पटावर आहे, धडा पोहोचत नाही

आपल्याकडे पाणीपुरवठा योजनेची टाकी गावाच्या वेशीवर उभी राहते, तिच्यावर योजनेचं नाव रंगवलं जातं, आणि खालच्या गल्लीपर्यंत पाइपलाइन मात्र आलेलीच नसते. कागदावर गावाला पाणी आहे. खालच्या गल्लीतली बाई अजून हापशावर उभी आहे. शाळेच्या पटावर अंध किंवा कर्णबधिर मुलाचं नाव असणं हे बऱ्याचदा त्या टाकीसारखं असतं. प्रवेश मिळालेला असतो, हजेरी लागते, खिचडीही मिळते. शिक्षकाच्या तोंडातून आणि फळ्यावरून जे वाहतं ते त्या मुलापर्यंत येत नाही.

ही मधली पाइपलाइन टाकणं म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘वाजवी सोय’. एखाद्या माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता, असा त्याचा अर्थ आहे. मुलांची जवळजवळ प्रत्येक मागणी या एका व्याख्येत बसते. कायद्याच्या कलम १६ मध्ये आणखी स्पष्ट लिहिलंय: अंध, बधिर किंवा दोन्ही असलेल्यांना शिक्षण त्यांच्यासाठी सर्वांत योग्य भाषेत आणि संवादाच्या पद्धतीत मिळालं पाहिजे. कलम १७ प्रमाणे १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिक्षणसाहित्य आणि योग्य ती उपकरणं मोफत द्यायची आहेत. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. साध्या शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा १४ वर्षांची आहे. म्हणजे या मुलांसाठी ती चार वर्षं पुढे नेलीय, आणि हे अनेक मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसतं.

फळ्यावरचं ‘हे’

गणिताचा तास डोळे मिटून ऐकून पाहा. “हे बघा, ह्याच्यातून हे वजा केलं. मग हे इकडे आलं. आता ह्याने ह्याला भाग गेला की खाली काय उरलं?” चाळीस मुलं एका सुरात “पाच!” म्हणतात. अंध मुलीपर्यंत काय आलं? ‘हे’, ‘ह्याला’, ‘इकडे’, ‘पाच’. गणित तिच्या डोक्याबाहेरचं आहे असा निष्कर्ष निघायला असे दहा तास पुरतात. एखादी धीट मुलगी हात वर करून “सर, ‘हे’ म्हणजे कोणतं?” असं विचारते. तिची मागणी एवढीच असते की फळ्यावर लिहिताना तोंडानेही म्हणावं: “पंधरामधून दहा वजा केले.” याला पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. आणि सर बोलत बोलत लिहायला लागले की मागच्या बाकावरच्या डोळस पोरांनाही जास्त कळू लागतं.

आता ती लिहिते कशी ते पाहू. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या एका घरात बसतं. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबं. त्यांतली कोणती उठवायची यावरून ६३ वेगवेगळ्या आकृत्या होतात. भारतीय भाषांसाठी त्यांची एकच वाटणी १९५१ मध्ये ठरली, तिला भारती ब्रेल म्हणतात. आपल्या लिपीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये मात्र आधी क आणि मग इ, उच्चाराच्या क्रमाने. लिहायला एक पाटी असते. तिच्यात जाड कागद अडकवायचा, वर खिडक्यांची पट्टी, आणि हातात टोचायची सळई. टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि तेही उलटं. कागद पलटला की ते डावीकडून उजवीकडे सुलटं वाचता येतं. सात-आठ वर्षांचं लेकरू हे सराईतपणे करतं. त्याला लागतो शिकवणारा माणूस, जाड कागद आणि वेळेवर आलेलं पुस्तक.

वेळेवर हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. ते छापायला, पाठवायला वेळ जातो. डोळस मुलांना पुस्तक जूनमध्ये मिळतं आणि ब्रेल दिवाळीनंतर, तर सहामाही परीक्षा त्या मुलाने कशाच्या जोरावर दिली? वर्षअखेरीस हिशेबात “पुस्तकं पुरवली” अशी नोंद होते आणि ती खोटीही नसते.

आकृत्या, आलेख आणि नकाशे हा वेगळाच विषय आहे. बोटाला लागतील अशा उठावाच्या आकृत्या करता येतात, साध्या सुतळीने आणि डिंकानेही करता येतात. त्या कोणी करत नाही, म्हणून दहावीनंतर बहुतेक अंध मुलं कला शाखेत ढकलली जातात. विज्ञान शाखेत जायला कायद्याची आडकाठी कुठेच नाही.

श्रवणयंत्र लावलं की ऐकू येतं ना?

चष्मा लावला की स्पष्ट दिसतं, तसं यंत्र लावलं की स्पष्ट ऐकू येत असेल, असा आपला समज असतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण सगळाच. पत्र्याच्या खोलीत पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे, आणि त्यात बाईंचं बोलणं. शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. पहिल्या बाकावर जे थोडंफार कळतं ते चौथ्या बाकावर कळत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट हे शस्त्रक्रियेने बसवायचं उपकरण जास्त कामाचं असतं, पण ते लहान वयातच बसवावं लागतं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं वाचा-उपचार लागतात. किनवट किंवा भूमच्या आतल्या एखाद्या गावातून दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेणं मजुरी बुडवूनच होतं.

मग ओठ वाचेल की! हा दुसरा समज. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, ओठांवर काही दिसतच नाही. ओठ वाचणारं मूल निम्मं पाहतं आणि निम्मं अंदाजाने जोडतं. त्यात सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की पाहायलाही काही उरत नाही. कर्णबधिर मुलं म्हणतात: आधी लिहा, मग वळून बोला. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, तोंडावर अंधार येतो. मला पुढे बसवा.

खुणा शिकवल्या तर पोर बोलायचं विसरेल

ही भीती आईबापांना वाटते, आणि ती लेकराच्या काळजीतूनच येते. तिच्याकडे नीट पाहायला हवं.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे शब्द हातांनी दाखवणं नव्हे. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्न विचारायचा असेल तर भुवया बोलतात. कोण कुठे गेलं हे समोरच्या हवेत जागा ठरवून सांगितलं जातं. कर्णबधिर मुलांत बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यामुळे घरात ही भाषा कोणालाच येत नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाच्या कानावर बोललेली भाषा पडत नाही आणि डोळ्यांपुढे खुणांची भाषा येत नाही. ते कोणत्याच भाषेशिवाय वाढतं. धोका तिथे आहे. एक भाषा पक्की झालेलं मूल दुसरी शिकू शकतं, ज्याला पहिलीच मिळाली नाही ते दोन्हींत मागे पडतं.

हे वहीत दिसतं. आठवीतली हुशार मुलगी लिहिते, “मी काल शाळा जाणे नाही. आई ताप.” शिक्षक लाल पेनाने खुणा करतात आणि मुलगी कच्ची ठरते. तिने जे लिहिलं ते खुणांच्या भाषेत विचार करून लिहिलंय. ‘शाळेत’, ‘आईला’ यांतले ‘त’ आणि ‘ला’ तिच्या भाषेत तसे नाहीतच, आणि बोलताना ते ओठांवर निसटून जातात. मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा आहे आणि ती दुसऱ्या भाषेसारखीच शिकवावी लागेल. कायद्यात अशा मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग जरूर व्हावा, पण एक मराठी तरी तिला नीट यावी ही जबाबदारी सूट देऊन संपत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सरकारी पातळीवर हालचाल झाली आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं, त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार नोंदी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्या या केंद्राच्या शैक्षणिक टीव्ही उपक्रमाची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली. त्या केंद्राने खुणांच्या भाषेत आणलेली पाठ्यपुस्तकं मात्र केंद्राच्या एनसीईआरटीची आहेत. राज्याच्या बालभारतीचं पुस्तक हातात असलेल्या परतूरच्या किंवा वसमतच्या मुलाला तो धडा आपल्या पुस्तकात सापडत नाही. बालभारतीचे धडे खुणांच्या भाषेत हवेत, ही मागणी इथून येते.

लेखनिक आणि जादा वेळ हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?

हा आक्षेप डोळस मुलांचे पालक उघडपणे घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अंध विद्यार्थी त्या वेळेत काय करतो? प्रश्न लेखनिकाकडून ऐकतो. पुन्हा वाचायला सांगतो, कारण त्याची नजर प्रश्नावर परत फिरू शकत नाही. उत्तर मनात जुळवतो, तोंडाने सांगतो, लेखनिक लिहीपर्यंत थांबतो, आधीचं वाक्य कुठे संपलं ते वाचून घेतो. बीजगणितात तर “कंसात एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग, त्याच्या खाली रेघ” असं सांगावं लागतं. लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला असतो. त्याने वर्गमूळाचं चिन्ह अजून नीट गिरवलेलं नसेल तर तेही शिकवत बसावं लागतं. हा सगळा खटाटोप डोळस विद्यार्थ्याला नसतो. जादा तास या खटाटोपात जातो, विचार करायला तो उरत नाही.

लेखनिकच उत्तरं लिहून देईल ही शंका खोटी म्हणता येणार नाही, गैरप्रकार होतात. त्यावर उपाय मुलंच सुचवतात. ऐन वेळी शेजारचं पोरगं पकडून आणण्यापेक्षा मंडळाने प्रशिक्षित लेखनिकांची यादी ठेवावी. परीक्षेच्या आधी लेखनिकाला भेटू द्यावं. ज्यांना टाइप करता येतं त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर स्वतः पेपर लिहू द्यावा, म्हणजे तिसऱ्या माणसाचा संबंधच येणार नाही. प्रामाणिक विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक काही नको असतं.

४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारणंही चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं की गरज असेल तर ४० टक्क्यांच्या अटीखाली लेखनिक नाकारता येणार नाही. काठावरच्या अल्पदृष्टीच्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

मोबाइल असताना ब्रेल कशाला?

मोबाइलने खरंच क्रांती केलीय. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असते. कॉम्प्युटरसाठीचं एनव्हीडीए मोफत आहे आणि ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने सुरू केलं. तरीही ऐकून शिकणं आणि वाचून शिकणं एक नाही. ज्याने ‘पाणी’ आणि ‘पाणि’ फक्त ऐकले त्याला ऱ्हस्व-दीर्घ कुठून कळणार? शब्द कुठे तुटतो, परिच्छेद कुठे बदलतो, समीकरणात कंस कुठे आहे, हे बोटाखाली आल्याशिवाय पक्कं होत नाही.

दुसरी अडचण आपण सगळ्यांनी मिळून तयार केलीय. सर हाताने लिहिलेल्या नोट्सचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. फोन त्याला नुसतं ‘फोटो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आपल्याला स्वच्छ दिसतो. पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे फोन “एस, अल्पविराम, कंस” असलं काहीतरी बडबडतो. मराठवाड्यातल्या एका कॉलेजातल्या अंध विद्यार्थ्यांना मी विचारलं होतं, एकच गोष्ट मागायची तर काय मागाल? उत्तर आलं, नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून द्या. कॉपीराइटची भीती घालणाऱ्यांसाठी सांगतो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचं वाचता येईल असं रूप तयार करायला कायद्याने मोकळीक आहे.

मग सगळ्यांना विशेष शाळेत का घालत नाही?

कारण एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. अंध मुलाला ब्रेल आणि चालण्याचं प्रशिक्षण मिळालं तर गावच्या शाळेत भावंडांबरोबर ते छान शिकू शकतं. कर्णबधिर मुलाला गावच्या शाळेत बोलायलाच कोणी नसतं, त्याला त्याच्या भाषेतली माणसं हवीत. म्हणून कायद्याने निवड मुलाकडे ठेवलीय.

आपल्या भागात यात ऊसतोडीचा पेच आहे. दसरा झाला की धारूर, वडवणी, शिरूर कासार, गंगाखेड या पट्ट्यातल्या वस्त्या रिकाम्या होतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ‘कोयता’ म्हणजे तोडणीची जोडी म्हणून नवरा-बायको दोघंही जातात. ऐकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तिथे कर्णबधिर लेकराशी बोलणारं कोणी नसतं. ते एक तर फडावर जातं किंवा आजीजवळ राहतं, आणि आजीला त्याच्या खुणा येत नाहीत. अशा घराला निवासी विशेष शाळा हाच खरा आधार आहे. पण सहा वर्षांचं लेकरू शंभर किलोमीटरवर ठेवायचं, ते तिथे नवी भाषा शिकून येणार आणि सुट्टीत घरी कोणालाच ती येत नाही, याचाही विचार हवा. पालकांसाठी खुणांच्या भाषेचे वर्ग ही मागणी काही कर्णबधिर मुलं स्वतः करतात. आईशी पोटभर बोलता यावं म्हणून करतात.

एवढे शिक्षक, एवढा पैसा आणायचा कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण सांगितलंय: प्राथमिकला १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं निश्चित करून जाहीर करायला सांगितलं. प्रत्यक्षात विशेष शिक्षक बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतात आणि एकेक जण अनेक शाळा फिरतो. विशेष शिक्षकाचं प्रशिक्षणही प्रकारानुसार वेगळं असतं. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईंकडून ब्रेलची अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

समग्र शिक्षा योजनेत दर विशेष विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही केला. पैसा कमी आहे हे खरंच. पण वर मुलांच्या ज्या मागण्या आल्या त्यांत तोंडाने बोलत लिहिणं, वळून बोलणं, पुढचा बाक, टाइप केलेल्या नोट्स, लेखनिकाची आधी भेट, यांतल्या कशालाही निधी लागत नाही. पैशाचं कारण इथे पुढे करता येणार नाही.

लहान पोरांना धोरणातलं काय कळतं?

लुई ब्रेल १८०९ मध्ये जन्मला, लहानपणीच त्याची दृष्टी गेली. सहा टिंबांची लिपी त्याने १८२४ च्या सुमारास तयार केली तेव्हा तो पॅरिसच्या अंध शाळेत शिकणारा १५ वर्षांचा विद्यार्थी होता. डोळस शिक्षकांना तेव्हा उठावाची मोठी छापील अक्षरं पसंत होती, कारण ती त्यांना स्वतःला वाचता यायची. मुलांच्या बोटांना टिंबं सोपी जात होती. शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मुलांनी सांगितलेलं ऐकायला तीस वर्षं गेली.

उलट उदाहरण १८८० चं. मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. १६४ प्रतिनिधी होते, त्यांत बधिर एक. ठराव झाला की वर्गात खुणा नकोत, फक्त बोलणं शिकवा. त्या ठरावाने जगभरच्या शाळांत मुलांचे हात बांधले गेले. त्याबद्दल त्याच मालिकेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला २०१० मध्ये. मार्च १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली आणि आठवड्याभरात विद्यापीठाला पहिला बधिर अध्यक्ष मिळवून दिला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही दिव्यांग मुलांशी सल्लामसलत करण्याचं बंधन आहे.

अर्ज करायचा तर कसा?

‘सहकार्य करावे’ असा अर्ज फाइलीत पडून राहतो. नेमकं काय, कोणत्या विषयात आणि कधीपर्यंत हवं ते लिहा: “नववीच्या भूगोलाचे नकाशे उठावाच्या स्वरूपात, सहामाहीच्या आधी.” सोबत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची किंवा दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी) प्रत जोडा, कलम १६, १७ आणि वाजवी सोयीचा उल्लेख करा. पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दहावी-बारावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीसाठी संभाजीनगर, तर लातूर, नांदेड आणि धाराशिवसाठी लातूर. हा प्रस्ताव जानेवारीत आठवण्यापेक्षा शाळा सुरू होतानाच मार्गी लावा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर तारखेची पोच घ्या आणि अंध विद्यार्थ्याने तिचा नुसता फोटो न ठेवता आवक क्रमांक टाइप करून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी ऑफिसात तो स्वतः सांगता येतो.